‘सोलेशियम’ म्हणजे नेमकं काय? निवाड्यातल्या एका ओळीचा इतिहास

आजचा भाग एकाच शब्दावर आहे. सोलेशियम. शहरात वाढलेल्यांनी कदाचित हा शब्द कधी ऐकला नसेल. पण आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, विशेषतः मेहकर आणि सिंदखेडराजाच्या पट्ट्यात, २०१७ नंतर हा शब्द चहाच्या टपरीवर सुद्धा ऐकू यायचा. समृद्धी महामार्गासाठी जमिनी घेणं चालू होतं. कोणी ‘सोलेशम’ म्हणायचं, कोणी ‘सोलेशन’, आणि आमच्या गावातले एक काका सरळ ‘सोल्युशन’ म्हणायचे, पंक्चरवाल्याकडचं. पण त्यांना हिशोब बरोबर माहीत होता बरं का. “सोल्युशन धरून पाचपट,” असं ते बोटं मोजून सांगायचे.

तर आधी हे ‘पाचपट’ समजून घेऊ, कारण बातम्यांमध्ये हा आकडा खूप फिरला आणि तो कुठून आला हे फार कमी जणांनी सांगितलं. लोकांना वाटायचं सरकार खूश आहे म्हणून पाचपट देतंय. तसं नाहीये. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आधी बाजारभाव काढतात. समजा तो १ आला. ग्रामीण भागात त्याला गुणांक लावतात, तो तेव्हा २ होता. म्हणजे झाले २. आता त्यावर १०० टक्के सोलेशियम, म्हणजे तेवढेच अजून. झाले ४. आणि जो शेतकरी संमतीनं थेट खरेदीखत करून देईल त्याला वरून २५ टक्के. चारचे पाच. संपलं गणित. गुणांक सरकारी अधिसूचनेप्रमाणे बदलतो, त्यामुळे प्रत्येक प्रकल्पात पाच येतीलच असं नाही. पण या साखळीत सगळ्यात मोठी उडी मारणारी पायरी कोणती ते बघा. गुणांक आणि सोलेशियम, दोघंही रक्कम दुप्पट करतात. गुणांकाचं कारण समजतं, गावाकडे कागदावरचे भाव कमी दाखवलेले असतात. मग सोलेशियम कशासाठी? जमिनीची किंमत तर आधीच दिली ना?

मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचतो. तिथली सवय अशी की एखादी ओळ का आहे हे कळत नसेल तर तिचा जुना इतिहास उघडायचा, ती कोणी आणि कधी टाकली ते बघायचं. कायद्याचंही तसंच करू.

आधी शब्द. लॅटिनमध्ये ‘सोलारी’ म्हणजे सांत्वन करणं, धीर देणं. त्यावरून सोलेशियम. इंग्रजीतला ‘सोलेस’ त्याच घरातला. आपल्याकडच्या निवाड्यात, म्हणजे भूसंपादन अधिकाऱ्याच्या अवॉर्डात, याला ‘दिलासा रक्कम’ असं लिहितात. सरकारी मराठीची आपण नेहमी चेष्टा करतो, पण हा शब्द ज्यानं निवडला त्याला सलाम. दिलासा हा फारसीतून आलेला शब्द. दिल म्हणजे मन, त्याला आराम देणं तो दिलासा. लॅटिनमध्ये जे, तेच फारसीत, आणि तेच आपल्या निवाड्यात.

याच्या शेजारी ‘कॉम्पेन्सेशन’ ठेवा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं वजन करणं आहे. दोन गोष्टी समोरासमोर ठेवून तोलणं. पेन्शनसुद्धा त्याच मुळातून आलं, कारण पूर्वी पैसे म्हणजे तोलून दिलेला धातू. खामगावच्या कापूस बाजारात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. आपला ‘मोबदला’ही तसाच आहे. मूळ अरबी, अर्थ अदलाबदल. तुमचं वावर गेलं, त्याच्या बदल्यात हे पैसे. ‘नुकसानभरपाई’ म्हणजे जो खड्डा पडला तो भरून देणं.

म्हणजे कॉम्पेन्सेशन तराजूतलं आहे आणि सोलेशियम तराजूच्या बाहेरचं. मग कायद्यात ते आलं कुठून?

भारतात जमीन सक्तीनं घ्यायचा पहिला कायदा १८२४ चा, बंगालचा. मुंबई आणि कुलाबा बेटांसाठी १८३९ मध्ये आला. १८५७ साली सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला. रेल्वेचा काळ होता तो, जी.आय.पी.सारख्या कंपन्यांना जमीन सरकार मिळवून देत होतं. आपल्या वऱ्हाडातून, मलकापूर, नांदुरा, शेगाववरून ती लाइन १८६७ पर्यंत नागपूरला पोचली, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव फाटा सुरू झाला. कापूस न्यायचा होता ना! १८५७ च्या कायद्यात किमतीवर एकमत झालं नाही तर लवाद बसवायचे. त्या लवादांबद्दल तक्रारी फार झाल्या, आणि १८७० मध्ये नवीन कायदा आला. यात प्रकरण कोर्टात जायची सोय झाली आणि बाजारभावावर १५ टक्के जादा द्यायचे असं लिहिलं गेलं.

इंग्लंडमध्ये तेव्हा रिवाज होता की रेल्वेनं कोणाची जमीन सक्तीनं घेतली की किमतीवर साधारण १० टक्के वरून द्यायचे. तिकडे ते कायद्यात लिहिलेलं नव्हतं, प्रथा होती, आणि १९१९ मध्ये त्यांनी ती बंदही केली. आपल्याकडे मात्र ती कायद्यात आली आणि राहिली.

मग १८९४. हा तो प्रसिद्ध भूसंपादन कायदा, जो थेट २०१३ पर्यंत चालला. जवळजवळ १२० वर्षं! त्याचं कलम २३, पोटकलम २. यात सोलेशियम हा शब्दच नाही. तिथे एवढंच म्हटलंय की बाजारभावाशिवाय त्यावर १५ टक्के रक्कम कोर्टानं द्यावी, आणि ती का द्यावी तर संपादन सक्तीचं आहे म्हणून. सोलेशियम हे नाव वकिलांनी आणि कोर्टांनी वापरून वापरून रूढ केलं.

हे ‘सक्तीचं आहे म्हणून’ नीट ऐका, आजच्या भागाचा सगळा जीव त्यात आहे. आपण बाजारात जमीन विकतो तेव्हा आपल्याला ‘नाही’ म्हणता येतं. भाव पटला नाही, मुलीचं लग्न पुढच्या वर्षी आहे, किंवा नुसतं मन नाही म्हणून सुद्धा. सरकार जमीन घेतं तेव्हा तो नकार तुमच्याकडून काढून घेतलेला असतो. जमिनीची किंमत जमिनीसाठी. सोलेशियम त्या गेलेल्या नकारासाठी.

आता घरची गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्याकडे पाझर तलावांची कामं खूप झाली. त्यातल्या एका तलावात आमचं वावर गेलं. सगळं नाही, पण विहिरीजवळचं चांगलं वावर. निवाड्याची प्रत अजून घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे. मी बीटेकला असताना एका सुट्टीत ती वाचली. जमिनीची किंमत, झाडांची किंमत, आणि खाली वेगळ्या ओळीत १५ टक्के. आबांना, म्हणजे आजोबांना विचारलं, “आबा, हे पंधरा टक्के कशाचे?”

आबा म्हणाले, “ते वरचे हायेत. साहेबानं खूश होऊन देल्ले असतील.”

आबा शाळेत फार गेले नव्हते, पण हिशोबाला पक्के होते. रुपयान् रुपया आठवत होता त्यांना. फक्त त्या ओळीचं नाव कोणी सांगितलं नव्हतं. जे पैसे ‘तुम्हाला नाही म्हणू दिलं नाही’ याची कबुली म्हणून आले होते, ते त्यांनी आयुष्यभर बक्षीस समजून धरले. त्या काळच्या साहेबाची आठवण काढून बरं बोलायचे ते, सांगा आता.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट झाली. पैसे उचलताना पावतीवर सही करायची असते. कायद्यात तेव्हाही होतं आणि आजही आहे की रक्कम ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत राखून घेतली तरच पुढे वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जायचा हक्क राहतो. नुसती सही करून उचललीत तर तो दरवाजा बंद. दोन शब्द! ज्या कार्यालयात वाटप झालं तिथे आबांना हे कोणी सांगितलं नाही. शेजारच्या वावरवाल्याचा पाहुणा तालुक्याला वकिलाकडे कारकून होता, त्यानं लिहायला लावलं. त्यांची कलम १८ ची केस चालली, काही वर्षांनी भाव वाढून मिळाला. एकच बांध, एकच माती. आबा म्हणायचे, “त्याची जमीन भारी असंल रे.” आजी मात्र म्हणायची, “जमीन नाही, पाहुणा भारी होता.”

माझ्या मते आजीनं भूसंपादन कायद्याचा निम्मा इतिहास एका वाक्यात सांगितला होता.

बाकीचा निम्मा मुळशीत आहे. पुणेकरांनो, तुम्ही पावसाळ्यात जिथे फोटो काढायला जाता तेच मुळशी. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी तिथल्या मावळ्यांच्या जमिनी याच १८९४ च्या कायद्यानं घेतल्या जात होत्या. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे होते, घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पैसे वाढवून द्या असं त्या घोषणेत नव्हतं, जमीनच पाहिजे होती. पण बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या, कसणारा मावळा कूळ म्हणून उरलेला. सावकारांना मोबदला चालत होता. ज्याच्या मनाला दिलासा हवा होता तो वावरात उभा, आणि दिलासा रक्कम घेणारा दुसराच. १९२४ पर्यंत लढा मोडला आणि धरण झालं. मला वाटतं सोलेशियमची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. ते जमिनीच्या किमतीची टक्केवारी आहे. ज्याची जमीन महाग त्याला दुःख जास्त, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला दुःख शून्य, असा त्याचा हिशोब. २०१३ च्या कायद्यानं तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेल्या कुळांना आणि शेतमजुरांना ‘बाधित कुटुंब’ म्हटलं, त्यांच्यासाठी पुनर्वसनाची वेगळी यादी केली. पण सोलेशियमची ओळ अजून जमिनीच्या आणि तिच्यावरच्या घर, विहीर, झाडांच्या किमतीलाच बांधलेली आहे.

पुढे जाऊ. १८७० पासून १५ टक्के होते ते ११४ वर्षं तसेच. १९८४ मध्ये दुरुस्ती आली आणि ३० टक्के झाले. त्याच दुरुस्तीत कलम २८अ आलं, आबांसारख्या लोकांसाठी. शेजाऱ्याला कोर्टानं भाव वाढवून दिला तर त्याच अधिसूचनेतला दुसरा शेतकरी, जो कोर्टात गेला नाही, तो तीन महिन्यांत अर्ज करून तोच भाव मागू शकतो. आबांच्या शेजाऱ्याचा निकाल त्याच्या आधीच लागून गेला होता, असो.

मग एक मजेदार भांडण झालं. कोर्टानं मोबदला वाढवला की वाढीव रकमेवर व्याज मिळतं, पहिल्या वर्षी ९ टक्के, नंतर १५ टक्के. प्रश्न असा आला की हे व्याज सोलेशियमवर पण मिळणार का? सरकारी बाजू म्हणायची, व्याज ‘कॉम्पेन्सेशन’वर आहे, सोलेशियम म्हणजे कॉम्पेन्सेशन नाही. शेतकरी म्हणायचे, ते त्याच्या आतच आहे. एक डबा दुसऱ्या डब्यात आहे की बाजूला ठेवलाय, एवढाच वाद. पण पैशात बघा. वाढीव बाजारभाव १ लाख धरला तर ३० टक्क्यांनी सोलेशियम ३० हजार. केस दहा वर्षं चालली, आणि आपल्याकडे चालतेच. पहिल्या वर्षाचं व्याज २,७००, पुढच्या नऊ वर्षांचं दरवर्षी ४,५०० प्रमाणे ४०,५००. एकूण ४३,२००. सोलेशियमपेक्षा त्याचं व्याजच जास्त! २००१ मध्ये सुंदर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की सोलेशियम हा मोबदल्याचाच भाग आहे, व्याज मिळेल.

मला हा निकाल आवडतो. दिलासा तराजूच्या बाहेरचा असला तरी तो हक्काच्या बाहेरचा नाही, असं कोर्टानं म्हटल्यासारखं आहे.

आता यातला सगळ्यात विचित्र तुकडा. १९९७ मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायद्यात दुरुस्ती झाली आणि महामार्गासाठी जमीन घेताना सोलेशियम काढूनच टाकलं. ३० वरून थेट शून्य. कारण दिलं की महामार्ग लवकर झाले पाहिजेत. म्हणजे एकाच गावात तलावासाठी जमीन गेली तर ३० टक्के सोलेशियम, आणि महामार्गासाठी गेली तर काहीच नाही. आपल्या जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जुना सहा नंबरचा हायवे जातो, आता तो ५३ नंबर आहे. अशा रस्त्यांच्या कडेला असलेल्या शेतकऱ्यानं काय समजायचं? सक्ती तर दोन्हीकडे सारखीच होती, नकार दोन्हीकडे गेला होता.

२०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हेच म्हटलं. जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली यावरून शेतकऱ्या-शेतकऱ्यांत फरक करणं समानतेच्या, म्हणजे घटनेच्या कलम १४ च्या विरुद्ध आहे. सोलेशियम आणि व्याज द्या. महामार्ग प्राधिकरण परत कोर्टात गेलं, म्हणालं हा निर्णय फक्त पुढच्या प्रकरणांना लावा, मागचं उकरू नका. २०२५ मध्ये कोर्टानं ते नाकारलं. मधल्या काळात, म्हणजे १९९७ पासून २०१४ च्या अखेरपर्यंत, ज्यांच्या जमिनी महामार्गात गेल्या त्यांच्यासाठी हा निर्णय होता. २०१५ पासून तर महामार्गालाही २०१३ च्या कायद्याचेच दर लागू झाले. आणि या २०१३ च्या कायद्याच्या कलम ३० मध्ये सोलेशियम हा शब्द मथळ्यात आला, १०० टक्क्यांसकट. ज्या शब्दाला १८९४ मध्ये नाव घेऊन बोलावलं नव्हतं, तो आता दारावरच्या पाटीवर.

इथे एक शेजारचा शब्द सांगितलाच पाहिजे, कारण दोन्हींची सरमिसळ होते. १ जुलै २०२३ ची रात्र आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलं नसेल. नागपूरहून पुण्याला जाणारी बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ, पिंपळखुट्याला पेटली. २५ जण गेले. राज्य सरकारनं प्रत्येक कुटुंबाला ५ लाख आणि पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. ही रक्कम म्हणजे ‘एक्स ग्रेशिया’, सानुग्रह मदत. अर्थच ‘कृपा म्हणून’. ती जाहीर करणं सरकारच्या मनावर असतं. ती मिळाली म्हणून नुकसानभरपाईचा हक्क संपत नाही, तो दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात वेगळा करायचा असतो. बातम्यांत सगळ्याला ‘मदत’ म्हणतात आणि घरच्यांना वाटतं झालं, मिळाले पैसे.

गंमत म्हणजे रस्त्यावरच्या अपघातांतही सोलेशियम होतं. गाडी उडवून पळून गेली, नंबर कळला नाही, तर भरपाई मागायची कोणाकडे? त्यासाठी १९८२ मध्ये ‘सोलेशियम फंड’ काढला. मृत्यू झाला तर ५ हजार रुपये. १९८८ च्या कायद्यात साडेआठ हजार, १९९४ मध्ये २५ हजार. १ एप्रिल २०२२ पासून नवीन योजना आली, मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार, आणि नावातून सोलेशियम जाऊन ‘कॉम्पेन्सेशन’ आलं. ५ हजाराला दिलासा म्हणायची लाज वाटली असेल, असं आपलं माझं मत. पण तुमच्या ओळखीत असं काही घडलं असेल तर ही योजना आहे एवढं लक्षात ठेवा, अर्ज तहसील किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो.

तर हा शब्द वापरायचा कसा? इंग्रजीच्या पेपरात नाही, कागदावर. निवाड्याची प्रत हातात आली की बेरीज शेवटी बघा. आधी ओळी बघा. बाजारभाव, गुणांक, झाडं-विहीर-घर, आणि त्यावर दिलासा रक्कम १०० टक्के. विहीर आणि झाडांची किंमत धरून त्यावर सोलेशियम लावलंय का, हे तर नक्की बघा. नसेल तर अर्जात ‘जादा पैसे द्यावेत ही विनंती’ असं लिहू नका. ‘कलम ३० प्रमाणे दिलासा रक्कम परिगणित केलेली नाही, ती द्यावी’ असं लिहा. विनंती मान्य होते किंवा फेटाळली जाते. कलमाला उत्तर द्यावं लागतं.

नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचं काम चालू आहे, त्याच्या बुडीत गावांतले लोक हे ऐकत असतील तर त्यांच्यासाठी अजून एक. भाव पटला नाही तर कलम ६४ खाली अर्ज करायचा, आणि निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत सहा आठवड्यांची आहे. पावतीवर सही करायच्या आधी ‘हरकत राखून स्वीकारले’ असं स्वतःच्या हातानं लिहा, आणि त्या पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाहुणा भारी नसला तरी चालतंय.

चला, भेटू पुढच्या भागात.